तीनदा ढवळलेलं पाणी

सावळाराम रूपनवर यांच्या उजव्या हाताला एक सवय होती, आणि करंजतळ्यातली तीन पिढ्यांची माणसं त्या सवयीवर विश्वास ठेवून होती. गावच्या दूध डेअरीत ते तेहतीस वर्षं दूध तपासायला होते. किटली पुढे आली की झाकण काढायचं, टोकाला भोकांची चकती असलेला लांब दांडा आत सोडायचा आणि तीनदा वर-खाली करून दूध ढवळायचं. मगच मापानं नमुना काढायचा. दूध उभं राहिलं की मलई वर चढते. वरवरचं घेतलं तर फॅट जास्त लागते, तळातलं घेतलं तर कमी. तीनदा ढवळलं की वरचं-खालचं एक होतं आणि कुणावर अन्याय होत नाही. डेअरीतले बाकीचे लोक घाईत एकदाच दांडा फिरवायचे. सावळारामांनी दिवाळीच्या गर्दीतही दोनावर भागवलं नाही. गाव त्यांना पाठीमागे फॅटतात्या म्हणे आणि तोंडावर नुसतं तात्या.

करंजतळं हे गाव बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या शिवेवर, कालव्यापासून मैलभर आत. चहूबाजूंनी ऊस. सकाळी तरुण मंडळी मोटारसायकलींवरून एमआयडीसीत जातात, मग गावात उरतात म्हातारी माणसं, बायका आणि जनावरं. ज्या तळ्यावरून गावाचं नाव पडलं ते कधीच बुजलं. त्याच जागी बाहत्तरच्या दुष्काळात पाझर तलाव झाला, पण लोक अजून त्याला तळंच म्हणतात. तळ्याच्या बांधाखाली गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर आहे. बांधाच्या आतल्या अंगाला, विहिरीच्या बरोबर पाठीशी, एक उथळ जागा आहे. तिथे दुपारी बनाबाईंच्या म्हशी बसत.

बनाबाई म्हणजे सावळारामांची पत्नी. लग्न होऊन आल्या तेव्हा माहेराहून एक पारडी त्यांच्याबरोबर आली होती. आज बांधालगतच्या गोठ्यात असलेल्या चंद्री, गंगी आणि रेशमी या तिघी त्याच पारडीच्या वंशातल्या. तिघी पंढरपुरी जातीच्या, खांद्यापर्यंत मागे गेलेली लांब शिंगं, आणि दुपारचे बारा वाजले की दाव्याला हिसके देणाऱ्या. म्हैस दुपारी पाण्यात बसली नाही तर संध्याकाळी पान्हा चोरते, हे बनाबाईंना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. त्यांची एकुलती एक मुलगी राजलक्ष्मी बारामतीत नांदत होती. घरात दोघंच. दिवसभरात बनाबाई नवऱ्याशी जेवढं बोलत, त्याच्या दुप्पट म्हशींशी बोलत, आणि सावळारामांना त्यात काही गैर वाटत नसे.

या दोघांची एक गोष्ट गावात अजून सांगतात. शहाण्णव सालच्या श्रावणात एके सकाळी बनाबाईंच्या किटलीतल्या दुधाची डिग्री कमी लागली. म्हणजे दुधात पाणी होतं. रांगेत वीस माणसं उभी. सावळारामांनी दुसऱ्यांदा ढवळलं, दुसऱ्यांदा पाहिलं, आणि बायकोच्या हातात किटली परत देऊन पुढच्याला हाक मारली. बनाबाई किटली घेऊन घरी गेल्या आणि चार दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनीच शोध लावला, की धुतलेली किटली त्या दिवशी पालथी घातलेली नव्हती आणि वळचणीचं पाणी तिच्यात साठलं होतं. तेव्हापासून त्यांच्या किटल्या दारातल्या खुंटीवर उलट्या लटकतात.

२०१९ साली डेअरीत आपोआप फॅट दाखवणारं यंत्र आलं आणि सावळाराम निवृत्त झाले. डेअरीनं शाल आणि नारळ दिला. त्यांनी आपणहून मागून घेतला तो फक्त जुना दांडा.

२०२४ च्या दिवाळीनंतर विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवाल आला. पाण्यात नायट्रेट लिटरला पंचेचाळीस मिलिग्रॅमपर्यंत चालतं, ते अठ्ठ्याहत्तर निघालं. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं, चवीला गोड होतं, त्यामुळे आधी कुणाला खरंच वाटेना. मग आरोग्यसेविकेनं सांगितलं, की मोठ्या माणसाला लगेच काही होत नाही, पण असल्या पाण्यात पावडरचं दूध कालवून तान्ह्या बाळाला पाजलं तर बाळ निळं पडू शकतं. विहिरीशेजारी राहणाऱ्या यशोदाबाईंच्या घरात अडीच महिन्यांचा नातू होता, स्वानंद. त्याला वरचं दूध चालू होतं. त्या दिवसापासून त्या कोसभरावरून बाळासाठी पाण्याचा कॅन आणू लागल्या, आणि येता-जाता बनाबाईंच्या गोठ्याकडे बघू लागल्या.

बघण्याचं कारण उघड होतं. बांधाच्या अलीकडे म्हशी बसतात, पलीकडे विहीर. आणखी काय पुरावा हवा? एक दिवस यशोदाबाई गोठ्याच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "बना, माझ्या नातवाला तुझ्या म्हशीचं मूत पाजू व्हय मी?" बनाबाईंनी मान खाली घातली. त्यांना राग आला नाही. आपला नातू असता तर आपणही हेच म्हटलं असतं, असं त्यांनी नंतर सावळारामांना सांगितलं.

सरपंच विजयसिंह हा चाळिशीचा, धांदरट पण सरळ माणूस. त्यानं म्हशींवर लगेच बंदी घातली नाही. बारामतीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या स्वरदा नावाच्या बाई आसपासच्या तलावांतल्या नायट्रेटचा अभ्यास करत होत्या. त्यांना त्यानं बोलावून घेतलं.

स्वरदा आल्या त्या दिवशी पंचायतीच्या खोलीत पंधरा-वीस माणसं जमली. त्यांनी सांगितलं, की नायट्रेट किती आहे हे कुणीही मोजेल, पण ते कुठून आलं हे ओळखायची एक खूण आहे. नायट्रेटमध्ये नायट्रोजन असतो, आणि नायट्रोजन दोन प्रकारचा असतो. दोन्हींचं वागणं सारखंच, फक्त एक दुसऱ्यापेक्षा किंचित जड. युरिया कारखान्यात हवेतल्या नायट्रोजनपासून बनतो, म्हणून त्यात जड नायट्रोजनचं प्रमाण हवेइतकंच, कमी. शेणामुताचं तसं नाही. गोठ्यात सकाळी नाकाला झोंबतो तो वास म्हणजे उडून जाणारा हलका नायट्रोजन. हलका उडतो, जड मागे राहतो. म्हणून शेणातून आलेलं नायट्रेट जड. पुण्याच्या प्रयोगशाळेतलं यंत्र हा फरक हजारातल्या दोन-चार भागांपर्यंत मोजतं.

मागे बसलेले सावळाराम हळूच म्हणाले, की हे तर फॅटसारखंच झालं. गाईचं आणि म्हशीचं दूध पांढरंच, पण माप लावलं की कळतं. स्वरदा हसल्या. दर पंधरा दिवसांनी नमुने घेणारं गावातलं कुणीतरी त्यांना हवंच होतं.

लोकांनी सावळारामांचं नाव घेतलं. कुणीतरी शंका काढली, की म्हशी तर त्यांच्याच घरच्या. त्यावर विजयसिंह म्हणाला, "ज्यानं बायकोची किटली परत लावली, तो म्हशींची काय भीड धरतोय?"

अशी डिसेंबरात, मार्गशीर्षातल्या एकादशीला सुरुवात झाली. पंधरा दिवसांचा हिशेब विसरू नये म्हणून सावळारामांनी एकादशीच धरली. चार ठिकाणं ठरली: उसातून येणाऱ्या ओढ्याचं तोंड, बांधाच्या मधोमध खोल पाणी, म्हशींची उथळ जागा आणि विहीर. पहिल्या दिवशी स्वरदांनी बांधावरून आणि विहिरीतून नमुना घेऊन दाखवला. सकाळी पाणी निवांत असताना घ्यायचं, बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, छोट्या गाळणीतून पाणी गाळायचं आणि लगेच बर्फात ठेवायचं. तीनदा हा आकडा सावळारामांच्या ओळखीचा होता. त्यांनी मान डोलावली. पुढे त्या आल्या नाहीत, त्यांना येण्याची गरजही नव्हती. बाटल्या डेअरीतल्या फ्रीजमधून वेळच्या वेळी येत, प्रत्येकीवर तारीख, वेळ आणि तिथी बारीक अक्षरात लिहिलेली असे. कॉलेजातल्या विद्यार्थ्यांना त्या या बाटल्या दाखवत आणि सांगत, की नोंद अशी करायची असते.

पाच महिने गेले. एप्रिलच्या शेवटी निकाल आला आणि एक मेच्या ग्रामसभेत स्वरदांनी तो वाचून दाखवला. ओढ्याचं पाणी हलकं निघालं, म्हणजे उसाच्या खताचं. बांधाजवळचं खोल पाणीही तसंच. म्हशींच्या जागेचं पाणी मात्र जड निघालं, आणि विहिरीचं दोन्हींच्या मधलं. खत आणि शेण एकमेकांत मिसळावं तसं. एका आकड्याबद्दल त्यांना खात्री नव्हती आणि तसं त्यांनी सांगितलंही, पण लोकांनी जे ऐकायचं ते ऐकलं होतं. यशोदाबाईंनी कपाळाला हात लावला. विजयसिंहानं सावळारामांकडे न बघता ठराव मांडला. मेअखेर म्हशी तळ्यावर यायच्या बंद कराव्यात, आणि गोठा बांधापासून हलवावा.

गोठा हलवायला रूपनवरांना दुसरी जागा नव्हती. एक एकर ऊस आणि ते घर एवढंच त्यांचं. घरी येताना बनाबाई चार पावलं मागून चालत होत्या. दारात आल्यावर त्या म्हणाल्या, "खरंच का हो आपल्या म्हशींचं आसंल?"

"बाटली मी भरलीय," सावळाराम म्हणाले. "माझ्या बाटलीत खोट न्हाय."

बनाबाईंनी खुंटीवरची किटली काढली आणि धार काढायला गेल्या. या वेळी त्या चार दिवस अबोला धरून बसल्या नाहीत. ते सावळारामांना जास्त लागलं.

बनाबाईंनी निमगावच्या भाच्याला, दीपकला, निरोप धाडला. त्याच्याकडे शेततळं होतं, जागा होती. तिन्ही म्हशी तो घ्यायला तयार झाला आणि येत्या रविवारी टेम्पो घेऊन येतो म्हणाला. विकण्यापेक्षा घरात राहतील, असं बनाबाई ज्याला त्याला सांगत. पण त्या दिवसांत त्या म्हशींशी बोलायच्या बंद झाल्या. गोठ्यातून येणारा त्यांचा आवाज नाही म्हटल्यावर सावळारामांना घरात करमेना. ते उगाच दोनदा डेअरीपर्यंत जाऊन आले.

शुक्रवारी सकाळी बनाबाई धार काढून आल्या. मोठ्या चरवीतलं दूध डेअरीच्या किटलीत आणि घरच्या पातेल्यात वाटून घालायचं होतं. त्यांनी चरवी उचलली. ओसरीवर चहा पीत बसलेले सावळाराम न बघताच म्हणाले, "आधी ढवळ."

"ढवळते की," बनाबाई म्हणाल्या. "तुमी तळंबी ढवळल्याबगर सोडत न्हाय, मी दूध सोडीन व्हय?"

सावळारामांनी कप खाली ठेवला. "काय म्हनलीस?"

"गोठ्यातनं बगते की दर एकादशीला. म्हशींच्या जागंला गेलं की दांडा घालायचा, तीनदा वर-खाली, मग बाटली. मला वाटलं मॅडमनी सांगितलं आसंल."

मॅडमनी सांगितलं नव्हतं. ढवळू नका असंही सांगितलं नव्हतं, कारण तळ्यातलं पाणी ढवळून कुणी बाटली भरील हे त्यांच्या मनातही आलं नसणार. सावळारामांना तर आपण ढवळतो हेसुद्धा आठवेना. त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग दाराआडचा दांडा घेतला आणि चपला न घालता तळ्यावर गेले.

पाणी निवांत होतं. वर तरंगणाऱ्या एका पिसाशिवाय काही हलत नव्हतं. त्यांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून दांडा सोडला आणि वर उचलला. चकतीखालून काळा गाळ ढगासारखा वर आला आणि पायांभोवती पसरला. तो बघताच त्यांना आठवलं, की हा ढग त्यांनी याआधी दर एकादशीला पाहिला होता. पाणी सगळं एक झालं, आता कुणावर अन्याय नाही, असं त्यांना त्या प्रत्येक वेळी वाटलं होतं. गाळणीतून गाळ अडायचा आणि पाणी स्वच्छ उतरायचं, म्हणून बाटलीकडे बघून कुणाला शंकाही आली नव्हती.

मागे बांधावर बनाबाई येऊन उभ्या होत्या. "काय झालं?" त्यांनी विचारलं. सावळारामांनी सांगितलं. सांगायला फार शब्द लागले नाहीत. बनाबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, की आधी वर या, पाण्यात काचा असतात, मग फोन करा.

स्वरदांना फोन लागला तेव्हा त्या वर्गावर निघाल्या होत्या. सावळारामांनी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. स्वरदांनी विचारलं, की दांडा कुठे-कुठे तळाला लागत होता. सावळारामांनी विचार करून सांगितलं. ओढ्यात तळाला खडक आहे, तिथे गाळच नाही. बांधावरून आणि विहिरीत दांडा तळापर्यंत पोचतच नाही. गाळ फक्त म्हशींच्या जागी.

"पाच महिने, तात्या," स्वरदा म्हणाल्या. त्यांचा आवाज थकलेला होता. पण लगेच त्या पुढे बोलू लागल्या, आणि बोलता बोलता त्यांचा आवाज हलका होत गेला. ज्या आकड्याबद्दल त्यांना खात्री नव्हती तो हाच होता. नायट्रेटमध्ये ऑक्सिजनही असतो, आणि तोही हलका-जड असतो. म्हशींच्या जागेच्या नमुन्यात नायट्रोजनबरोबर ऑक्सिजनही जड झालेला होता. नुसत्या शेणानं तसं होत नाही. गाळात, जिथे हवा पोचत नाही तिथे, सूक्ष्म जीव नायट्रेट खातात, आणि खाताना हलकं आधी उचलतात. ताटात मागे उरतं ते जड. ते गाळातलं उरलेलं पाणी वर आलं, की खताचं पाणीही यंत्राला शेणाच्या पाण्यासारखं दिसायला लागतं.

सावळारामांनी विचारलं, "म्हंजी म्हशींचं न्हाय?"

"ते मला आत्ता सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "होय पण म्हणता येत नाही, नाही पण म्हणता येत नाही. पुन्हा नमुने घ्यावे लागतील. आणि तात्या, कसं भरता ते मी एकदा येऊन बघायला हवं होतं. मी आले नाही."

आता दोन कामं उरली होती. एक सोपं होतं, दीपकला टेम्पो आणू नको म्हणून कळवायचं. ते बनाबाईंनी केलं. दुसरं सावळारामांचं होतं. विजयसिंहाच्या कानात सांगितलं असतं तरी भागलं असतं, पण त्यांना ते पटेना. शनिवारी सकाळी डेअरीत दूध घालायची रांग लागली तेव्हा ते पायरीवर उभे राहिले. याच पायरीवरून त्यांनी बनाबाईंची किटली परत दिली होती. त्यांनी सांगितलं, की म्हशींच्या जागेचे नमुने चुकीचे भरले गेले, ते मी भरले, सवयीनं पाणी ढवळलं आणि गाळ वर आला. नवे नमुने येईपर्यंत तो निकाल धरू नये.

रांगेतले आबाजी, सावळारामांच्याच वयाचे, काठीवर रेलून म्हणाले, "म्हंजी तात्या, तेहतीस वर्साची फॅटबी आता परत मोजायची का काय?"

लोक हसले. हसणं वाईट नव्हतं, पण सावळारामांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते म्हणाले, "दुधाला ढवळावंच लागतं, आबाजी. पान्याला न्हाय. मला ह्या वयात कळलं."

रांगेत यशोदाबाईही होत्या. बायको वाचवायला नवरा आता काहीही सांगणार, असं त्या शेजारणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या. पण घरी गेल्यावर त्यांनाच ते टोचलं असावं. बायकोला वाचवायचं असतं तर त्यानं पहिल्या बाटल्याच तशा भरल्या असत्या, असं संध्याकाळी त्यांनी आपल्या सुनेला सांगितलं, आणि सुनेनं ते गावभर केलं.

पुढच्या एकादशीला स्वरदा स्वतः आल्या. आदल्या दिवशी बनाबाईंनी विचारलं होतं, की दोन-चार दिवस म्हशी पाण्यात नाही सोडल्या तर नमुना बरा येईल का. सावळाराम नको म्हणाले. "त्या बसू देत रोजच्यागत. पानी हाय तसं गेलं पायजे."

सकाळचे साडेसहा वाजले होते. स्वरदांनी लांब बांबूच्या टोकाला बाटली बांधली. सावळाराम पाण्यात उतरले नाहीत. काठावरून बांबू पुढे केला, पण सत्तरीला आलेल्या हातात त्याचं टोक सारखं खाली झुकत होतं. बनाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी नवऱ्याचा दंड दोन्ही हातांनी धरून ठेवला. बाटली पाण्याच्या वरच्या थरात तिरकी झाली, बुडबुडे आले, आणि ती भरली. तळ तसाच राहिला. त्या दोघांनी श्वास सोडला तो स्वरदांना ऐकू आला.

विहिरीतही या वेळी वेगळं काम होतं. मे महिन्यात पाणी खाली गेलं की विहिरीचे झरे उघडे पडतात. एक झरा बांधाच्या बाजूनं येतो, दुसरा घरांच्या बाजूनं. दोन्ही झऱ्यांच्या तोंडाशी वेगवेगळे नमुने हवेत, असं स्वरदा म्हणाल्या. सरपंच विजयसिंह स्वतः पायऱ्या उतरून खाली गेला. घसरला, पँट भिजवून घेतली, पण दोन बाटल्या वर आणल्या. खालून त्यानं ओरडून विचारलं, की ढवळायचं का, आणि काठावरच्या सगळ्या माणसांबरोबर सावळारामही हसले.

महिन्याच्या अखेरीला अवेळी पाऊस कोसळला आणि झरे पुन्हा पाण्याखाली गेले. पण तोवर पुढच्या एकादशीचेही नमुने घेऊन झाले होते. मग वाट बघणं आलं. जून गेला. म्हशींना तात्पुरती मुभा होती, आणि बनाबाई त्यांच्याशी पुन्हा बोलू लागल्या होत्या. बोलण्यात मात्र एक नवीन वाक्य आलं होतं. म्हैस पाण्यात उतरताना त्या तिला सांगत, की हे पाणी फार दिवस मिळेल असं धरून चालू नको.

जुलैच्या अखेरीला निकाल आला. स्वरदा तो घेऊन पहिल्यांदा रूपनवरांच्या ओसरीवर आल्या. विजयसिंहही होता. म्हशींच्या जागेचं पाणी जवळजवळ ओढ्याइतकंच हलकं होतं. बांधाच्या बाजूच्या झऱ्याचंही तसंच. जड पाणी येत होतं ते घरांच्या बाजूच्या झऱ्यातून. त्या बाजूला यशोदाबाईंचं घर, विजयसिंहाचं घर आणि आणखी अकरा घरं होती, आणि गेल्या सात-आठ वर्षांत त्या प्रत्येक घराला संडासाचा शोषखड्डा झाला होता.

"म्हंजी शेण न्हाय, मानसाचं," विजयसिंह म्हणाला.

स्वरदा म्हणाल्या, की हे यंत्र शेण आणि माणसाची घाण यांत फरक करत नाही. दोन्ही सारखीच जड येतात. पाणी कुठल्या बाजूनं येतं यावरून आपण ठरवतो आहोत. आणि म्हशींचा वाटा अजिबात नाही असं नाही, थोडा आहे.

"आसंल की थोडा," बनाबाई म्हणाल्या. "शेन तर टाकत्यातच." मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. "म्हंजी मॅडम, तुमच्या मापात माझी गंगी आन् सरपंचाचं घर येकच?"

विजयसिंह आधी हसला, मग गंभीर झाला. बाकीचं पाणी उसाच्या खताचं, आणि ऊस सगळ्यांचाच होता. सावळारामांचा एक एकरही त्याच ओढ्याच्या काठाला होता. त्यांनी त्या वर्षी युरियाची किती पोती टाकली ते बोटांवर मोजलं.

पंधरा ऑगस्टला ग्रामसभा भरली. शोषखड्डे विहिरीपासून लांब न्यायचे, उसाच्या लागणीला खत किती आणि कधी टाकायचं, तोवर पिण्याच्या पाण्याचं काय, यावर दोन तास वाद झाला आणि अर्धा पुढच्या सभेवर गेला. म्हशींचा ठराव मात्र पाच मिनिटांत रद्द झाला. यशोदाबाईंनी मांडीवरचा स्वानंद सुनेकडे दिला आणि सगळ्यांत आधी हात वर केला.

ग्रामसेवक लिहीत होता. सावळाराम उठले. म्हणाले, की ठराव नुसता रद्द असं लिहू नका. रद्द का झाला तेही लिहा. पहिले नमुने चुकले ते माझ्या हातून, माझ्या नावासकट लिहा. उद्या कुणी हा कागद वाचला तर त्याला यंत्र चुकलं असं वाटायला नको. विजयसिंह म्हणाला, कशाला तात्या, झालं गेलं. पण ते बसले नाहीत. ग्रामसेवकानं लिहायला घेतलं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं बनाबाई उठल्या. इतक्या वर्षांत त्या ग्रामसभेत कधी बोलल्या नव्हत्या. "माझंबी नाव घाला त्यात," त्या म्हणाल्या. "मला दर येळी दिसत हुतं. मी बोलले न्हाय."

ग्रामसेवकानं पेन थांबवलं आणि सरपंचाकडे पाहिलं. सरपंचानं लिही अशी खूण केली. सावळाराम वळून बायकोकडे बघत उभे राहिले, आणि सभेतल्या कुणीतरी त्यांना बसा म्हणेपर्यंत तसेच राहिले. इतिवृत्तात ती दोन नावं एका ओळीत आहेत, सावळाराम आणि बनाबाई रूपनवर, आणि पुढे लिहिलं आहे: पाणी ढवळल्यामुळे.

सभा संपायला दुपारचा दीड झाला. म्हशींना सोडायची वेळ टळून गेली होती. दोघं पावलं उचलत घराकडे निघाली. बांधावर चढल्यावर बनाबाई थांबल्या. रेशमीनं दावं तोडलं होतं. ती उथळ पाण्यात निवांत बसली होती, नुसती शिंगं आणि नाक वर, आणि तिच्याभोवती पाणी गढूळ झालं होतं. गोठ्यातून चंद्री आणि गंगी ओरडत होत्या. सावळाराम त्यांना सोडायला गेले. बनाबाई बांधावर टेकल्या आणि रेशमीला तिथूनच बोलू लागल्या.